ब्लॉगरवर मराठी ब्लॉग सुरू करताय? नव्या ब्लॉगरमध्ये काय कुठे आहे आणि पहिल्या पोस्टआधी काय करून ठेवायचं

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉग काढायच्या वेबसाइटवर, ब्लॉग काढायला बसलं की पहिली अडचण ठरलेली, व्हिडिओत दाखवलंय ते बटण आपल्या स्क्रीनवर सापडतच नाही. यात तुमची काही चूक नाही. ब्लॉगर तसं खूप जुनं, १९९९ च्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्स नावाच्या एका छोट्या कंपनीनं काढलेलं, २००३ मध्ये ते गूगलनं विकत घेतलं, आणि २०२० साली त्याचं आतलं सगळं रूप बदललं, मोबाइलच्या ब्राउझरवरही नीट वापरता यावं म्हणून. मराठीत ब्लॉगरबद्दल जी माहिती फिरते ती बरीचशी त्या बदलाच्या आधीची आहे, म्हणून हे सगळं परत पहिल्यापासून लिहितेय.

आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी मी नवीन लिहिणाऱ्यांसोबत बसते. पाककृतींचे ब्लॉग झाले, गडकिल्ल्यांचे झाले, आणि गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा जात्यावरच्या ओव्यांचा ब्लॉग सुरू झाला, आईकडून आणि आत्यांकडून ऐकून त्यांनी वहीत उतरवून ठेवलेल्या ओव्या. खाली उदाहरणं बरीचशी त्यांच्या ब्लॉगची येतील कारण मराठीत लिहिणाऱ्याला ज्या ज्या गोष्टी नडतात त्या सगळ्या त्या एका ब्लॉगवर बघायला मिळाल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी ब्लॉगसाठी चार-पाच गोष्टी पहिली पोस्ट टाकायच्या आधीच करून ठेवायच्या असतात, त्या आपोआप होत नाहीत, आणि शंभर पोस्टी झाल्यावर करायला गेलं तर जीव जातो.

पायरी १: ब्लॉगचा पत्ता

गूगलचं खातं असेल तर तेच चालतं, वेगळं काही लागत नाही. ब्लॉगर डॉट कॉमवर गेलात की आधी ब्लॉगचं नाव विचारतात, ते बिनधास्त मराठीत द्या, नंतर हवं तेव्हा बदलता येतं. मग विचारतात पत्ता, तो इंग्रजी अक्षरांतच द्यावा लागतो आणि त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट कॉम लागतं. इथे थोडं थांबा.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची आपली काही एक पद्धत नाही. 'माझी शिदोरी' घ्या. 'झ' साठी कोणी झेड लावतं कोणी जे-एच, 'मा' ला कोणी एक ए देतं कोणी दोन, शेवटच्या 'री' ला कोणी आय तर कोणी डबल ई. म्हणजे तुम्ही कोणाला तोंडी पत्ता सांगितलात तर तो माणूस तुमच्या ब्लॉगवर पोचायची शक्यता कमीच. त्यामुळे असा शब्द निवडा की चार माणसांना कागदावर लिहायला दिला तर चौघंही तेच स्पेलिंग लिहितील. बाईंनी घरातल्या पाच जणांना खरंच लिहायला लावलं होतं, पहिल्या दोन नावांना पाच वेगळी स्पेलिंगं आली, तिसऱ्या नावाला सगळ्यांचं एक आलं, तेच ठेवलं. पत्ता पुढे सेटिंग्जमधून बदलता येतो पण मग आधी जिथे जिथे लिंक पाठवल्या असतील त्या सगळ्या मरतात, तेव्हा इथे घाई नको.

एका खात्यावर १०० पर्यंत ब्लॉग काढता येतात, त्यामुळे एक कच्चा ब्लॉग नुसता हात बसवायला काढलात तरी चालेल. मी तर तो काढाच म्हणते.

पायरी २: सेटिंग्ज, एकदाच पण शांतपणे

डाव्या बाजूला जी उभी यादी दिसते त्यात पोस्ट्स, स्टॅट्स, कमेंट्स, अर्निंग्ज, पेजेस, लेआउट, थीम, सेटिंग्ज अशी नावं आहेत. फोनवर ती यादी तीन आडव्या रेघांमागे लपलेली असते. सेटिंग्ज उघडा. पूर्वी यात वेगवेगळी पानं होती, आता सगळं एकाच लांबलचक पानावर आलंय, खाली खाली सरकत जायचं.

वरच्याच भागात ब्लॉगची भाषा आहे, ती मराठी करा. याने तुमच्या लिखाणाला काही होत नाही, पण ब्लॉगवर आपोआप येणारे शब्द मराठीत येतात, 'मुख्यपृष्ठ', 'टिप्पणी पोस्ट करा' वगैरे, आणि तारखेतले महिने-वारही मराठीत. नाहीतर ओवी मराठीत आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी वार असं विचित्र दिसतं.

मग बरंच खाली फॉरमॅटिंग नावाचा भाग येतो, त्यात टाइमझोन. हे शंभरातले नव्वद लोक बघतच नाहीत. नव्या ब्लॉगला कित्येकदा पॅसिफिक म्हणजे कॅलिफोर्नियाची वेळ लागलेली असते. आता समजा गणेश चतुर्थीला सकाळी ७ वाजता उकडीच्या मोदकांची पोस्ट आपोआप प्रकाशित व्हावी म्हणून तुम्ही वेळ लावून झोपलात, तर ती आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ला येणार, सगळ्यांचे मोदक खाऊन झाल्यावर. तिथे शोधून कोलकाता असं लिहिलेली भारतीय वेळ निवडा, जीएमटी अधिक ५:३०. पुण्या-मुंबईचं नाव यादीत शोधत बसू नका, भारताची वेळ कोलकात्याच्या नावानेच आहे. अमेरिकेत किंवा दुबईत राहून इथल्या वाचकांसाठी लिहीत असाल तरी भारतीय वेळच ठेवा असं मी सुचवेन, वाचक इथे आहेत ना.

एचटीटीपीएस रीडायरेक्ट, म्हणजे वाचकाला ब्लॉगच्या सुरक्षित पत्त्यावर नेणारी सोय, चालू आहे का बघा, नसेल तर करा, नाहीतर काही ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' असं दाखवतात आणि नवखा वाचक घाबरून परत जातो. प्रायव्हसीमध्ये सर्च इंजिनला ब्लॉग दिसू द्यायचा की नाही ते आहे, ते चालू असू द्या.

मेटा टॅग्ज नावाखाली 'एनेबल सर्च डिस्क्रिप्शन' आहे. हे आत्ताच चालू करा. ते चालू केल्यावरच प्रत्येक पोस्टच्या शेजारी तिचं छोटं वर्णन लिहायचा रकाना येतो आणि तो रकाना किती कामाचा आहे ते पुढे सांगते.

पोस्ट्स नावाच्या भागात दोन नवीनशी बटणं आहेत जी जुन्या व्हिडिओंमध्ये दिसणार नाहीत. एक 'लेझी लोड इमेजेस', म्हणजे वाचक खाली येईल तसतसे फोटो उघडतात, सगळे एकदम नाही. दुसरं 'वेबपी इमेज सर्व्हिंग', म्हणजे फोटो हलक्या प्रकारात दाखवले जातात. दोन्ही चालू करा. ट्रेकच्या एका पोस्टमध्ये वीस-पंचवीस फोटो टाकणाऱ्यांनी तर नक्कीच, आपला वाचक गावाकडे एका काडीच्या रेंजवर बसून वाचत असतो हे लक्षात ठेवा.

पायरी ३: थीम, यात अडकू नका

थीम म्हणजे ब्लॉगचं दिसणं. नवे लोक इथे दोन-दोन आठवडे घालवतात आणि मग लिहायचा उत्साहच संपतो. २०१७ मध्ये ब्लॉगरनं काँटेम्पो, सोहो, एम्पोरिओ आणि नोटेबल अशा चार नव्या थीम आणल्या, त्या मोबाइलवर आपोआप नीट बसतात. फोटो जास्त असतील तर सोहो किंवा एम्पोरिओ, मजकूर जास्त असेल तर काँटेम्पो किंवा नोटेबल, बास. बाहेरच्या साइटवरून फुकट डाउनलोड केलेल्या चकचकीत थीम सुरुवातीला तरी टाळा, आत काय भरलेलं असतं ते आपल्याला वाचता येत नाही.

मराठीसाठी एकच गोष्ट तपासा. एखादं शीर्षक लिहून बघा ज्यात वरही मात्रा आहे आणि खालीही काही लटकतंय, उदाहरणार्थ 'हृदयातली मूर्ती आणि कृष्णाकाठची वस्ती', आणि ते फोनवर दोन ओळींत मोडू द्या. काही थीममध्ये ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलेलं असतं, मग खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन टेकतो. तसं दिसलं तर शीर्षकाचा आकार कस्टमाइझमध्ये जाऊन थोडा कमी करा नाहीतर सरळ थीम बदला. आणि थीमला हात लावायच्या आधी कस्टमाइझ बटणाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करून बॅकअप घ्या, बिघडलं तर तिथूनच रिस्टोअर करता येतं.

पायरी ४: टायपिंग

फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी घेतलं की झालं, बोलूनही टाइप होतं. कॉम्प्युटरवर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडायचा, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. ब्लॉगरच्या एडिटरमध्ये वरच्या पट्टीच्या टोकाला इनपुट टूल्स आहे तेही चालतं, पण ते फक्त तिथल्यापुरतं.

ज्यांनी वर्षानुवर्षं डीटीपी केलंय, श्रीलिपी किंवा शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये ज्यांच्या फायली आहेत, त्यांना एक सांगायचंय. तो जुना मजकूर सरळ कॉपी करून चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीचे, नाहीत एवढंच. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात, आणि कन्व्हर्ट झाल्यावर ऱ्ह, ऱ्य, क्ष, ज्ञ आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

आणखी एक बारीक गोष्ट. 'ॲप' मधला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, एक सबंध अक्षर म्हणून आणि एक अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. एका पोस्टमध्ये असं आणि दुसरीत तसं झालं की तुमच्याच ब्लॉगवर शोधताना अर्ध्या पोस्टी सापडत नाहीत. कुठलाही एक कीबोर्ड धरा आणि तोच वापरत राहा.

पायरी ५: पोस्ट लिहिणं

न्यू पोस्टवर क्लिक केलं की कोरं पान येतं. डावीकडे कोपऱ्यात छोटं चिन्ह आहे त्यातून कंपोझ आणि एचटीएमएल असे दोन प्रकार बदलता येतात, तुम्ही कंपोझमध्येच राहा. चुकून एचटीएमएलमध्ये गेलात आणि कंसांची जत्रा दिसली तर घाबरू नका, परत कंपोझ निवडा.

वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून मजकूर आणताना नुसतं पेस्ट करू नका, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून व्ही दाबा. साध्या पेस्टबरोबर तिकडचे फॉन्ट, रंग, अक्षरांचे आकार सगळं गुपचूप येतं आणि मग एक परिच्छेद मोठा एक बारीक असं होतं. बाईंच्या पहिल्या पोस्टला हेच झालं होतं, सून वर्डमध्ये टाइप करून पाठवायची, बाई इकडे चिकटवायच्या, लॅपटॉपवर छान दिसायचं आणि फोनवर ओव्यांची अक्षरं मुंगीएवढी. आधीच पेस्ट केलं असेल तर सगळा मजकूर सिलेक्ट करून पट्टीतलं क्लिअर फॉरमॅटिंगचं चिन्ह दाबा. व्हॉट्सॲपवरून आणलेल्या मजकुरात ठळक शब्दांच्या मागेपुढे चांदण्या राहतात, त्या हातानं काढा.

ओवी, कविता, अभंग टाकणाऱ्यांनी ओळ संपली की नुसतं एंटर न मारता शिफ्ट धरून एंटर मारा. नुसत्या एंटरनं नवा परिच्छेद होऊ शकतो आणि दोन ओळींत भलतंच अंतर पडतं, ओवीचे चार चरण चार टोकांना जातात. कडवं संपलं की मग साधं एंटर.

मधली शीर्षकं द्यायची असतील तर अक्षरं नुसती मोठी आणि ठळक करू नका, पट्टीत नॉर्मल, पॅराग्राफ, हेडिंग, सबहेडिंग अशी यादी आहे त्यातून निवडा, गूगललाही कळतं आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही त्यावरून चालतो. तिरपी अक्षरं मात्र मराठीत टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टला खरं तिरपं वळणच नसतं, कॉम्प्युटर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो आणि ते वाचायला त्रास होतो.

फोटो टाकल्यावर त्याच्यावर क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे त्याचं वर्णन, लिहा, मराठीत, साध्या शब्दांत. 'फोटो १' असं लिहून काही उपयोग नाही, 'दगडी जात्याचा खुंटा धरलेले दोन हात' असं लिहा. मोठ्या पोस्टमध्ये दोन-तीन परिच्छेदांनंतर जंप ब्रेक टाका म्हणजे मुख्यपृष्ठावर पूर्ण पोस्ट न दिसता थोडीशीच दिसेल.

पायरी ६: उजवीकडची पट्टी, आणि ती पर्मालिंक

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, पब्लिशचं बटण दाबायच्या आधी. उजवीकडे पोस्ट सेटिंग्ज दिसतात, दिसत नसतील तर वरच्या कोपऱ्यातल्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा.

लेबलं म्हणजे विषय. दोन किंवा तीन पुरेत. आणि एकाच विषयाला एकच लेबल, 'पाककृती', 'पाकक्रिया', 'रेसिपी' अशी तीन केलीत तर तुमचा एकच विषय तीन कप्प्यांत विखुरतो.

आता पर्मालिंक, म्हणजे त्या एका पोस्टचा पत्ता. ब्लॉगर तो शीर्षकावरून आपोआप बनवतं, पण त्यात फक्त इंग्रजी अक्षरं घेतं, देवनागरी सोडून देतं. शीर्षक पूर्ण मराठीत असलं की हातात काहीच उरत नाही, मग पत्ता बनतो वर्ष, महिना आणि पुढे नुसतं 'ब्लॉग-पोस्ट', त्याच महिन्यात पुढची पोस्ट टाकली की 'ब्लॉग-पोस्ट' आणि मागे एखादा आकडा. मराठीतले कितीतरी सुंदर ब्लॉग आहेत ज्यांच्या दोन-दोनशे पोस्टींचे पत्ते असे आहेत, कुठली लिंक कशाची ते लिहिणाऱ्यालाही ओळखता येत नाही. बाईंनी लेकीला न्यू जर्सीत पाच ओव्यांच्या लिंक पाठवल्या, लेकीनं विचारलं, "आई, यातली माहेरची कुठली?" बाईंना सांगता येईना. एकेक उघडून बघावी लागली.

उपाय सोपा आहे. पर्मालिंकवर क्लिक करा, ऑटोमॅटिकऐवजी कस्टम निवडा आणि इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहा, मध्ये स्पेस न देता आडवी रेघ, म्हणजे 'माहेर-ओवी' किंवा 'उकडीचे-मोदक' असं, फक्त अक्षरं इंग्रजी. इथे मराठी अक्षरं टाकलीत तर ते स्वीकारत नाही. महिना आणि वर्ष आपोआप येतं, ते लिहायचं नाही. हे पोस्ट पब्लिश व्हायच्या आधी करायचं. नंतर करायचं असेल तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि जुनी लिंक मरते, मग सेटिंग्जमध्ये कस्टम रीडायरेक्टमध्ये जाऊन जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर असं एकेक लिहावं लागतं. आम्ही बाईंच्या अकरा पोस्टींचं ते केलं, एक अख्खा रविवार गेला.

त्याच्या खाली सर्च डिस्क्रिप्शन, मघाशी सेटिंग्जमध्ये चालू केलेलं. याला १५० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत ती लवकर संपते कारण प्रत्येक काना-मात्रा आणि पाय मोडलेल्याची खूण वेगळी मोजली जाते. 'किल्ल्यावर' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, कॉम्प्युटर त्याचे दहा मोजतो. म्हणून एकच वाक्य लिहा आणि मुद्द्याचं लिहा. 'आजच्या या पोस्टमध्ये आपण बघणार आहोत' यातच निम्मी जागा जाते. हे वाक्य गूगल शोधात दिसू शकतं आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की फोटोखाली जी छोटी ओळ येते तिथेही बहुधा हेच येतं, आणि मराठी ब्लॉगचे वाचक मुख्यतः व्हॉट्सॲपवरूनच येतात हे कोणीही ब्लॉग चालवणारा सांगेल.

'पब्लिश्ड ऑन' मध्ये पुढची तारीख-वेळ लावता येते, टाइमझोन आधीच नीट केलाय त्यामुळे काळजी नाही. मग प्रिव्ह्यू बघा, फोनवरही बघा, आणि पब्लिश करा.

पायरी ७: कमेंट्स

कमेंट कोण करू शकेल यात तीन पर्याय आहेत: कोणीही, फक्त गूगल खातं असलेले, किंवा फक्त ब्लॉगचे सदस्य. मी 'कोणीही' ठेवायला सांगते आणि त्याबरोबर मॉडरेशन 'ऑलवेज' करायला सांगते, म्हणजे तुम्ही मंजूर केल्यावरच कमेंट ब्लॉगवर दिसते. लॉगिन करा म्हटलं की आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी लगेच मागे फिरतात, आणि ओव्यांच्या ब्लॉगवर तर खरा ठेवा त्यांच्याकडेच आहे. कमेंट आली की ईमेल यावं म्हणून सेटिंग्जमध्ये ईमेलच्या भागात आपला पत्ता टाका, नाहीतर कमेंट महिना-महिना तशीच पडून राहते. बाईंच्या ब्लॉगवर साताऱ्याकडच्या एका आजींनी नातवाकडून टाइप करून घेऊन एका ओवीचा वेगळा पाठ पाठवला होता, 'कोणीही' हा पर्याय बंद असता तर तो आलाच नसता.

पायरी ८: वाचकांना नवी पोस्ट कळणार कशी

जुन्या ब्लॉगवर कडेला 'फॉलो बाय ईमेल' नावाची चौकट असायची, वाचक ईमेल टाकायचा आणि नवी पोस्ट आपोआप त्याच्या इनबॉक्समध्ये जायची. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता लेआउटमध्ये शोधू नका. त्याआधी २०१९ मध्ये गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क बंद झालं तेव्हा त्याच्यातून केलेल्या कमेंटही ब्लॉगवरून गेल्या. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ब्लॉगवरच्या कमेंटी म्हणजे नुसत्या 'छान' नसतात, कोणीतरी आपल्या गावची आठवण लिहिलेली असते.

ईमेलच्या जागी आता सोपं म्हणजे व्हॉट्सॲप चॅनल, भारतात २०२३ पासून आहे, त्यात तुमचा नंबर वाचकांना दिसत नाही आणि वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. पोस्ट टाकली की लिंक आणि दोन ओळी चॅनलवर. पूर्ण मजकूर तिथे टाकू नका, मग ब्लॉगवर कोणी येत नाही आणि चार दिवसांनी तुमचंच लिखाण तुमच्या नावाशिवाय तुम्हाला फॉरवर्ड होऊन येतं. स्टॅट्स बघताना स्वतःच्या भेटी मोजू नका असं सांगायची सोय आहे, ती लावा म्हणजे आकडे खरे दिसतील.

जाहिरातींबद्दल सगळे विचारतात. मराठी ही ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेच्या, भाषांच्या यादीत आहे, त्यामुळे मराठी ब्लॉगवर जाहिराती लागू शकतात, अर्निंग्जमध्ये जाऊन अर्ज करता येतो. पण पहिल्या पाच पोस्टींवर अर्ज करायची घाई करू नका, आधी ब्लॉगवर वाचण्यासारखं काहीतरी साठू द्या.

पायरी ९: बॅकअप आणि दुसरा माणूस

सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग' खाली 'बॅक अप कन्टेन्ट' आहे, त्यातून तुमच्या पोस्टी, पानं आणि कमेंटी उतरवून घेता येतात. महिन्यातून एकदा करा, आणि ती फाइल ज्या ईमेलवर ब्लॉग आहे त्याच ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवू नका, पेन ड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. फोटोंच्या मूळ कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये. चुकून डिलीट झालेली पोस्ट आता आधी ट्रॅशमध्ये जाते, आणि पूर्ण ब्लॉग डिलीट केला असेल तरी ९० दिवसांच्या आत परत आणता येतो, पण याच्या भरवशावर राहू नका.

आणि दुसरा अ‍ॅडमिन. म्हणजे ब्लॉगचा पूर्ण ताबा असलेला आणखी एक माणूस, हे मी प्रत्येकाला हाताला धरून करायला लावते. आमच्या ओळखीत एक आजोबा होते, गावाच्या देवळांबद्दल फार मनापासून लिहायचे, ते गेले आणि पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. ब्लॉग आहे अजून, वाचता येतो, पण त्यात एक चूक दुरुस्त करायची म्हटली तरी करता येत नाही, आलेल्या कमेंटी तशाच मंजुरीची वाट बघत आत कुठेतरी पडल्या असतील. त्यामुळे सेटिंग्जमध्ये परमिशन्सखाली 'इन्व्हाइट मोअर ऑथर्स' वर जा, घरातल्या विश्वासाच्या माणसाचं ईमेल टाका, त्यांना आलेलं निमंत्रण त्यांच्याकडून तुमच्यासमोर स्वीकारून घ्या. एवढ्यावर ते फक्त ऑथर होतात. परत परमिशन्समध्ये येऊन 'ब्लॉग अ‍ॅडमिन्स अँड ऑथर्स' उघडा आणि त्यांच्या नावापुढे ऑथरचं अ‍ॅडमिन करा, ही शेवटची क्लिक बरेच जण विसरतात. बाईंनी नातीला केलंय, ती अकरावीत आहे, आणि आता ओव्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तीच दुरुस्त करते.